व्हिएतनामला कोण जाणार

सोमवारच्या बैठकीत मालक घनश्यामबाबूंनी व्हिएतनामसाठी निकिताचं नाव घेतलं आणि वर्षा राठोडचे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर चढलेले होते हे तिला तेव्हाच कळलं. टेबलाभोवतीच्या माना आधी निकिताकडे वळल्या आणि लगेच वर्षाकडे, कारण सगळ्यांना तिचा चेहरा पाहायचा होता. तिने टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच, आणि वाजवता वाजवता तिला जाणवलं की छातीच्या खाली कुठंतरी गार पाणी पोचावं तसं काहीतरी सावकाश उतरत चाललंय. हे काय आहे ते ती शोधत राहिली. अपमान असावा, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं राग असेल. राग कधीकधी असाच गार असतो. चहा आला, बिस्किटांची बशी फिरली, कोणीतरी निकिताच्या पाठीवर थाप मारली, खिडकीबाहेर कोळशाचा ट्रक गेला आणि काच थरथरली. कप खाली ठेवताना वर्षाला नेमकं नाव सापडलं आणि ती दचकली. तिला बरं वाटत होतं.

असं व्हायला नको होतं. वणीच्या या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ती तपासणीच्या खोलीत मदतनीस म्हणून लागली होती. रुईचा पुंजका बोटांत धरून धागा ओढायचा, पट्टीवर लांबी बघायची, लिहून ठेवायची. तिथून ती चढत चढत निर्यातीच्या कामावर आली. परदेशातल्या गिरण्यांशी फोनवर बोलणं, रुईच्या गाठींच्या तक्रारी निस्तरणं, जहाज चुकलं की दोन्हीकडच्या माणसांना शांत ठेवणं, हे सगळं ती करत होती. मग कंपनीने तिला आणि निकिता ढोलेला बंगळूरच्या एका संस्थेच्या अभ्यासक्रमाला घातलं. जागतिक उद्योगनेतृत्व असं त्याचं भारदस्त नाव होतं. दर शनिवारी लॅपटॉपसमोर वर्ग आणि मध्ये एक आठवडा सिंगापूरला. व्हिएतनाममध्ये कंपनीचं ऑफिस उघडणार होतं आणि दोघींपैकी एक तिथली प्रमुख होणार, हे कोणी उघड बोललं नव्हतं तरी फाटकावरच्या चौकीदारालाही माहीत होतं. निकिता वयानं लहान, कामात नवी. म्हणून सगळ्यांनी मनातल्या मनात वर्षालाच पाठवून टाकलं होतं. लोक तिला आधीच विचारू लागले होते की तिकडे ज्वारीची भाकर मिळते का. ती हसून उत्तर देई आणि तेव्हाच तिचे खांदे थोडे वर जात असावेत.

अभ्यासक्रमात ती चांगली होती, हे खोटं नव्हतं. समोरचा गप्प बसला तर त्याचा गप्पपणा भरून काढायला धावायचं नाही, हे तिथं शिकवत, आणि ते तिला आधीपासून येत होतं. खोलीत शिरताना हनुवटी कुठे ठेवायची, जपानी माणसाचा होकार आणि जर्मन माणसाचा होकार यांत फरक काय, आपल्या हाताखालच्या माणसाला त्याची चूक त्याच्याच तोंडून कशी वदवायची, हे तिने आवडीने टिपून घेतलं. गोंधळ सिंगापूरला झाला. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची होती. वर्षाने सांगितलं की आम्ही बंजारा, आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. शिकवणाऱ्या बाईंचे डोळे एकदम चमकले. त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्यानंतर प्रत्येक तासाला कुठेतरी तिचे बैल येऊ लागले. मालवाहतूक आली की बैल, धाडस आलं की बैल, अनोळखी बाजारात पाऊल टाकायची गोष्ट निघाली की सगळा वर्ग तिच्याकडे बघून हसे. परत आल्यावर कंपनीच्या वेबसाइटवर तिचा फोटो लागला आणि खाली ओळ होती, लमाणांच्या वाटेवरून जगाच्या बाजारात. ती ओळ तिने लिहिली नव्हती. कोणी लिहिली हेही तिने विचारलं नाही. ते बैल तिने कधी पाहिलेच नव्हते. तिच्या आजोबांनीही ते ऐकलेलेच असावेत.

फिरणं म्हणून तिने जे पाहिलं होतं तो ऊसतोडीचा ट्रक होता. दिवाळी झाली की मारेगावजवळचा तिचा तांडा निम्मा रिकामा होई. बाप रामसिंग भांडी, कोयते, घोंगड्या बांधून वर चढवी, आई धनीबाई तिला कुशीत घेऊन ताडपत्रीखाली बसे, आणि वर्षा झोपून जाई. जाग येई ती भलत्याच ठिकाणी. डोळे उघडायच्या आधी नाकाला कळे, कारण हवेला कापलेल्या उसाचा आंबूस गोड वास असे. मग आवाज कळत. माणसं मराठीच बोलत पण दुसऱ्याच चालीवर. मग ती डोळे उघडी आणि दुपारपर्यंत ताडपत्री सोडून कुठं जात नसे. तिथल्या पोरांसमोर ती ‘मले’ म्हणाली की पोरं हसत. एका वर्षी बापाने तिला आश्रमशाळेत घातलं. ट्रक निघाला तेव्हा तिच्यासोबतच्या सगळ्या पोरी रडल्या, वर्षाही रडली. सगळ्या रडतायत तर आपण रडलं पाहिजे असं तिला वाटलं. पण त्या रडण्याखाली कायसं हलकं हलकं होतं. सकाळी उठून तिने खिडकी पाहिली. दुसऱ्या दिवशी तीच खिडकी होती. तिसऱ्या दिवशीही तीच. खिडकीच्या चौकटीला एक खिळा अर्धवट ठोकलेला होता आणि तो रोज तिथंच असे. आईबाप तिकडे थंडीत ऊस तोडतायत आणि आपल्याला इथं बरं वाटतंय, हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाटलंच नाही.

आताही सांगण्यासारखं नव्हतं. लोक दिवसभर तिच्या केबिनमध्ये येऊन जात होते. हिशेबाच्या विमलताई दार लोटून आत आल्या आणि तिचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. वर्षाला त्या हाताचं ओझं झालं, कारण त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं आणि आपल्या डोळ्यांत आणायचं कुठून हे तिला कळेना. घरी शामने पाटवडीचा रस्सा केला होता. तिचा नवरा शाम कॉलेजात भूगोल शिकवी आणि स्वयंपाकघरात फक्त अशाच प्रसंगी शिरे. त्याने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाला, “त्यायले अक्कल नाही. तू मनाले लावून घेऊ नको.”

“नाही लावत,” ती म्हणाली. रस्सा झकास झाला होता. तिला भूक होती, सपाटून भूक, पण दुःखी माणसाने तिसरी भाकर मागावी की नाही याचा तिला अंदाज येईना. तिने मागितली नाही. शाम तिच्याकडे काळजीने पाहत राहिला आणि ती ताटाकडे पाहत राहिली. कितीतरी दिवसांनी अन्नाला चव आली होती. त्यांची पोरगी नागपूरला होस्टेलवर होती. तिचाही फोन आला, तीही आईला समजावत होती. वर्षाने सगळ्यांचं समजावणं घेतलं. परक्याच्या लग्नातलं जेवण जेवून यावं तसं तिला वाटत राहिलं.

निकिता दोन दिवस तिला टाळत होती. मग आली, दारातच उभी राहिली. बोरी अरब गावच्या कापूस-सोयाबीनवाल्या पुंडलिकरावांची ही मुलगी, उंच, हातातल्या पेनचं टोपण सारखं काढघाल करणारी. “ताई, मले बोलायचं होतं. तुमी नाराज असान तं मी समजू शकतो.”

“बस आधी.”

ती बसली. “खरं सांगू? मले वाटलंच नव्हतं. बाबानं गावात सांगून टाकलं. आई रडून राह्यली. अन् मी काय करून राह्यली माहीत हाय? नकाशात तिथल्या गल्ल्या पाहून राह्यली. कोणत्या गल्लीत चहा मिळत असन, कुठून बस पकडाव लागन.” आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की वर्षाने नजर बाजूला घेतली. असा चेहरा आपला कधी झाला होता का, हे ती आठवू लागली. सिंगापूरच्या विमानात झाला नव्हता. निवड होणार असं सगळे म्हणत तेव्हाही झाला नव्हता. रुईची नवी गाठ फोडताना होत असेल कदाचित; पण तेव्हा समोर आरसा नसे.

शुक्रवारी घनश्यामबाबूंनी तिला बोलावलं. ते खुशीत होते. व्हिएतनामच्या ज्या मोठ्या गिरणीवर नव्या ऑफिसची सगळी भिस्त होती, तिच्या खरेदीप्रमुखाचा फोन येऊन गेला होता. गेल्या हंगामात ओल्या गाठींचं प्रकरण झालं तेव्हा ज्या बाई आमच्याशी बोलत होत्या त्याच आम्हाला इथं पाहिजेत, असं त्याने सांगितलं होतं. “हमसे ही गलती हुई, वर्षाजी,” ते म्हणाले. “तुम्हीच जा. निकिताले मी समजावतो, तिचं वय हाय अजून. सोमवारी हो म्हणा, की कागद करून टाकू.” वर्षा आभार मानून बाहेर आली. ती जिना उतरू लागली. खांदे पुन्हा वर गेले होते, आणि या वेळी ते जाताना तिला स्पष्ट कळले. कोणी काखेत हात घालून उचलावं तसे.

शनिवारी वर्गानंतर प्रत्येकाला मार्गदर्शक बाईंशी एकटं बोलायला थोडा वेळ मिळे. वर्षाने सगळं सांगितलं, खांद्यांचं सोडून. बाई शहाण्या होत्या, घाई करत नसत. त्यांनी विचारलं, भीती अजिबात नसती तर तू काय केलं असतंस? हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत आणि बहुतेकांना त्याचा उपयोग होई. वर्षाने डोळे मिटून प्रामाणिकपणे भीती शोधली. आपण सिंगापूरला एकटीच भटकलो होतो, भुयारी गाडीत चुकलो, विचारत विचारत परत आलो, मजा आली होती. परदेशी माणसांशी बोलताना जीभ अडत नाही. तिकडचं काम आपल्याला जमेल, कदाचित उत्तम जमेल. भीती कुठे सापडेना. आणि नेमकी त्यामुळेच ती हादरली. भीती असती तर तिच्यावर मात करता आली असती. त्यासाठी अभ्यासक्रमात एक पूर्ण शनिवार होता. नुसतं जावंसं वाटत नाही, याच्यासाठी काही नव्हतं. ती बाईंना म्हणाली की मी विचार करते, आणि पडदा काळा झाल्यावर स्वतःचा चेहरा त्यात दिसला तो तिने लॅपटॉप मिटून झाकला.

रविवारी ती आईकडे गेली. का गेली हे तिला गाडीत बसतानाच माहीत होतं. धनीबाईचे गुडघे गेले होते, बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, आई एकटी होती. आई एकदा जाऊ नको म्हणाली की संपलं. त्या कारणापुढे घनश्यामबाबूही मान तुकवतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस शेवटच्या वेचणीला आला होता आणि वणीकडच्या झाडांवर बसलेली खाणींच्या कोळशाची काळी भुकटी मारेगाव येता येता विरळ होत गेली. आई ओट्यावर पाय पसरून बसली होती. “आव, बेस,” ती म्हणाली, आणि लेकीचं तोंड पाहून, “कांई हुओ?”

वर्षाने बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच सांगितलं. मध्येमध्ये तिला मराठी शब्द घ्यावे लागले, इंग्रजीही. सांगताना तिने आईच्या गुडघ्यांवर हात ठेवला, ते किती सुजलेत हे आईला आठवावं म्हणून. धनीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा हात बाजूला केला.

“मंग जा की. कायले बसली हायेस?”

“तुझं कसं होईल?”

“माह्यं काय होते? शेजारी बबिता हाय, पाणी भरून देते. तुह्या बापानं तुले शाळेत घातलं तवा म्या एक सबुद बोलला का? आता म्हातारपणी तुह्या पायात येऊ का मी? सगळ्या तांड्याले सांगतलं म्या. आधी सांगतलं पोरगी चालली, मंग सांगतलं नाही चालली, आता परत सांगतो.” तिला त्यात मजा वाटत होती. वर्षाला एकदम रडू आलं आणि आईला वाटलं ते मायेनं आलंय. तिने पदराने लेकीचे डोळे पुसले. संध्याकाळी घरी आल्यावर शामने सांगितलं की प्राचार्यांशी बोलणं झालं, सुट्यांत मी तिकडे येईन, सुट्या नसतील तेव्हा आपण फोनवर बोलू, तू निर्धास्त जा. एक एक दार उघडत गेलं होतं आणि आता सगळीच उघडी होती. गॅलरीत कपड्यांच्या घड्या करताना वर्षाने ती दारं पुन्हा एकदा तपासली. आई नको म्हणत नव्हती. नवरा नको म्हणत नव्हता. पोरगी तर अभिमानाने मैत्रिणींना सांगत होती. निकिताचा विचार आला आणि तिने तो जवळजवळ मिठीतच घेतला. निकिताला इतकं जायचंय, तिच्यासाठी आपण मागं सरलो असं म्हणता येईल, लोक वाखाणतीलही. मग तिला निकिताचा तो चेहरा आठवला आणि त्या चेहऱ्याच्या आड लपणं तिला हलकटपणाचं वाटलं. हातातला शामचा शर्ट तिने घडी करून ठेवला. खाली रस्त्यावर ओळखीचा भाजीवाला ओळखीच्याच आवाजात ओरडत चालला होता. इथं ती सुखात होती. सकाळी तपासणीच्या खोलीत शिरलं की तरंगणारी रुई नाकाशी येई, बोटांत धागा ताणला जाई आणि तुटायच्या आधीच तो कुठे तुटेल हे कळे. मग फोनवर जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस चिडलेला असे आणि ती त्याला इथूनच शांत करी. यात काही कमी आहे असं तिला वाटत नव्हतं. कमी आहे असं वाटलं पाहिजे, असं मात्र तिला बरेच दिवस वाटत होतं.

सोमवारी ती घनश्यामबाबूंच्या समोर बसली. त्यांनी कागद पुढे सरकवले.

“मला जायचं नाही, बाबूजी,” ती म्हणाली.

“घरात काही तकलीफ?”

“नाही.”

“शामभाऊ नाही म्हणतात का? मी बोलतो.”

“ते हो म्हणतात. आईही हो म्हणते.”

“पगाराचं असन तं…”

“पगाराचं नाही.”

“मग काय हाय, वर्षाजी?” त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला. “एवढा कोर्स कायले केला मग? लोक तरसतात.”

वर्षाला उत्तर द्यावंसं वाटलं आणि नेहमीसारखी दोनतीन उत्तरं जिभेवर आलीही, सगळी चांगली, सगळी पटतील अशी. तिने ती गिळली. “काहीच नाही. मला जायचं नाही, एवढंच. कोर्स वाया जाणार नाही. त्या गिरणीचे फोन मीच घेईन, इथून. त्यांच्या साहेबाशी मी आज बोलते, निकिताची गाठ घालून देते. तिला हंगामभर सोबत करीन. ती चांगलं करेल.”

घनश्यामबाबू तिच्याकडे पाहत राहिले. ती गप्प बसली. पंखा फिरत होता, बाहेर प्रेसचा ठोका पडत होता. ते काय म्हणतील याची काहीच खात्री नव्हती. ते तिला निर्यातीवरून काढून परत तपासणीवर बसवू शकत होते.

“पुढच्या वेळी तुमचं नाव निघणार नाही,” ते अखेर म्हणाले. त्यात धमकी नव्हती. ते तिला व्यवहार समजावून सांगत होते.

“नका काढू.”

“बरं,” ते म्हणाले, आणि कागद स्वतःकडे ओढून घेतले. “त्या साहेबाले लावा मग फोन. तो नाही म्हणला तं पाहू.”

तो साहेब ‘नाही’ म्हणाला नाही. जरा कुरकुरला, आणि वर्षाने दर आठवड्याला आपण बोलू असं सांगितल्यावर त्याने निकिताचं पूर्ण नाव विचारून घेतलं, अक्षर अक्षर सुटं करून. निकिताला घनश्यामबाबूंनी तिचं नाव रद्द झाल्याचं अजून सांगितलं नव्हतं, पण ऑफिसात भिंतींना कान होते. ती पळतच वर्षाच्या केबिनमध्ये आली. “ताई, माह्यासाठी तं नाही ना सोडलं तुमी?”

“नाही.”

“नक्की?”

“तुझ्यासाठी सोडलं असतं तर तुला ऐकवलं असतं मी. जा, त्या साहेबाला मेल लिही. आधी मला दाखव.”

निकिता गेली आणि वर्षाने खुर्ची मागे ढकलून पाय लांब केले. पहिल्या सोमवारी आलेलं ते बरं वाटणं सापडलेल्या वस्तूसारखं होतं; कोणीतरी येऊन मागेल म्हणून ती आठवडाभर ते लपवत फिरत होती. आता ते लपवायचं कारण उरलं नव्हतं. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि संपेपर्यंत प्यायली.

घरी शाम परीक्षेचे पेपर तपासत होता. तिने चपला काढता काढताच सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला, तेव्हा ती जराशी घाबरली.

“रागावलात?”

“नाही.” त्याने चष्मा काढून डोळे चोळले. “मले वाटलं तुले जायचंच हाय.”

“मला वाटलं, मी जावं असं तुम्हाला वाटतं.”

“मी कायले म्हणू तसं? तू चालली म्हणून म्हणत होतो. रोज संध्याकाळी इथं बसून विचार करत होतो की एकट्यानं जेवाचं कसं.” मग तो हसू लागला, चष्मा हातात धरूनच, आणि तीही भिंतीला टेकून हसत खाली बसली. एकमेकांचं मन राखायला दोघं किती छान छान बोलली होती ते आठवून त्यांना पुन्हा पुन्हा हसू येत राहिलं.

आईला फोन लावायचं काम राहिलं होतं. धनीबाईने पहिल्याच रिंगला उचलला. मागे बबिताचा आणि आणखी कोणाकोणाचा आवाज येत होता, ओटा भरलेला असावा.

“याडी, मी नाही चालली,” वर्षा म्हणाली.

“काहून? परत त्या पोरीले देलं का त्यायनं?”

“नाही. मीच नाही म्हटलं.”

पलीकडे धनीबाईने ओट्यावरच्या बायांना हळू बोला म्हणून दटावलं.

“मी आत्ताच सगळ्यायले सांगून बसली व,” आई म्हणाली.

“मग आता परत सांग.”

“सांगतो,” धनीबाई म्हणाली. तिने फोन बाजूला धरला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, गोरबोलीत, ओट्यावरच्या बायांना उद्देशून, पोरगी इथंच राह्यली म्हणून. मग ती पुन्हा जवळ आली. “मंग इतवारी ये. तुरीच्या शेंगा भरल्यात. उकडून ठेवतो.”